चवीची वाटी: पुरणपोळ्या करून विकणाऱ्या एका मधुमेही काकूंचं प्रकरण

पार्श्वभूमी

काकू माझ्याकडे, म्हणजे आहारतज्ज्ञाकडे, आल्या त्या दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. सोबत काका, आणि काकांच्या हातातल्या पिशवीत रिपोर्टांची चळत. बसल्या बसल्या काकांनी सांगून टाकलं, "गोड संपूर्ण बंद केलंय हिचं. चार महिने झाले. तरी साखर वाढलीच." काकू काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

काकूंचं वय ५७, उंची १५२ सें.मी., वजन ७१ किलो. सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका मोठ्या गावात त्या गेली १८ वर्षं पुरणपोळ्या, बेसनाचे लाडू, करंज्या, शंकरपाळ्या ऑर्डरप्रमाणे करून देतात. हाताखाली दोघी जणी. काका एसटीतून निवृत्त झालेले. हिशेब आणि माल पोहोचवणं त्यांच्याकडे. मुलगा-सून पुण्यात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे काकूंच्या वहीतले, आणि लिहायला त्यांची हरकत नाही. "नाव तेवढं घालू नका, गिऱ्हाइकं घाबरतील," एवढंच त्या म्हणाल्या.)

मधुमेह ६ वर्षांपासून. ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ अशी एकत्र गोळी, सकाळ-संध्याकाळ. जुलैमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ८.४ टक्के आली. तेव्हा डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ती ८.६ झाली होती. उपाशीपोटी १४८, जेवणानंतर दोन तासांनी २३६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, रक्तातल्या साखरेचे पुढचे आकडेही याच मापात; एचबीएवनसी मात्र टक्क्यांत). बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी सर्वसाधारण लक्ष्य असं धरतात: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत, एचबीएवनसी ७ च्या आत.

डोळे आणि लघवीतली प्रथिनं ठीक होती. रक्तदाबाची गोळी चालू होती आणि दाब आटोक्यात होता.

अडचण नेमकी कुठे होती

गोड बंद, तरी साखर चढती. अशा वेळी आहारतज्ज्ञाच्या मनात पहिला विचार येतो तो "चोरून खात असणार" हाच. माझ्याही आला. पण हा विचार बोलून दाखवला की पुढची माहिती मिळणं थांबतं. म्हणून काकांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि काकूंना फक्त कालचा दिवस सांगायला सांगितला, उठल्यापासून झोपेपर्यंत.

त्यातून निघालं ते असं. पहाटे साडेपाचला चहा. साखरेचा नाही, गुळाचा, "गूळ चालतो ना?" म्हणून. दिवसभरात असे चार चहा, दर कपात दोन चमचे चिरलेला गूळ. म्हणजे रोजचा सुमारे ४० ग्रॅम गूळ. गुळात थोडी खनिजं असतात, पण तो बहुतांश साखरच आहे. रक्तात गेल्यावर तो साखरेहून फार वेगळा वागत नाही. प्रत्येक चहासोबत तीन-चार "शुगर फ्री" बिस्किटं. काकांनी स्वतः शोधून आणलेली, दुप्पट दराची.

दुपारचं जेवण? "ऑर्डर असली की जेवण कसलं ताई. पुरण वाटता वाटताच पोट भरतं." आणि मग सहज म्हणून पुढचं वाक्य: "शिवाय चव बघण्यात गोड गेलेलं असतं ना थोडं, म्हणून जेवण सोडते. तेवढीच भरपाई."

या वाक्यापाशी मी पेन खाली ठेवलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही याची ते वाट बघत नाही. गोळी घेऊन जेवण गाळलं की साखर घसरते. "दुपारी कधी थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी?" असं विचारल्यावर काकूंनी मान हलवली. आठवड्यातून दोनदा तरी, चार-साडेचारला. पित्त समजून त्या कोकम सरबत घेत किंवा तोंडात दोन लाडू टाकत. मग बरं वाटे. एकदा मुलाने साखर मोजायचं मीटर हातात दिलं तेव्हा ६१ दिसलं होतं. ७० च्या खाली गेली की साखर कमी झाली असं धरतात. त्याच दिवशी संध्याकाळी सातला २६८. घरात निष्कर्ष निघाला: लाडूने घात केला. ६१ कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

म्हणजे चक्र असं होतं. चव बघायची, अपराधी वाटायचं, जेवण गाळायचं, साखर उतरायची, भेदरून लाडू खायचे, साखर चढायची, पुन्हा अपराधी वाटायचं. डॉक्टरांना यातला फक्त शेवटचा आकडा दिसत होता, आणि त्या आकड्यावरून गोळी वाढवणं हा सरळ विचार होता. वाढवली असती तर दुपारचं घसरणं आणखी खोल गेलं असतं.

चवीची वाटी

चव बघण्यात किती जातं, हे काकूंना खरंच माहीत नव्हतं. "चिमूटभर" म्हणाल्या. चिमटीचं माप कुणाचंच सारखं नसतं, म्हणून आम्ही एक गंमत केली. ऑर्डरच्या दिवशी ओट्यावर एक स्टीलची वाटी ठेवायची. पुरण, लाडवाचं मिश्रण, करंजीचं सारण, जे जेवढं तोंडात जाईल तेवढंच दुसऱ्या हाताने वाटीत टाकायचं. खाणं बदलायचं नाही, फक्त त्याची जोडी वाटीत जमवायची.

संध्याकाळी काकांनी वाटी मसाला तोलायच्या काट्यावर ठेवली. ८६ ग्रॅम. त्यातलं साधारण ६० ग्रॅम पुरण, बाकी बेसनाच्या लाडवाचं मिश्रण. हिशेब केला तर ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. काकूंच्याच प्रमाणाने, म्हणजे अर्धा किलो डाळ, अर्धा किलो गूळ आणि ४०० ग्रॅम कणकेच्या २० पोळ्या धरल्या तर एका पुरणपोळीत कर्बोदकं ४५ ते ५० ग्रॅम भरतात. गोड बंद केलेल्या काकू ऑर्डरच्या दिवशी उभ्या उभ्या एक अख्खी पुरणपोळी खात होत्या, आणि तिची मजा मात्र घेत नव्हत्या.

काकांनी वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग बसून तरी खायची की." मला वाटतं या प्रकरणाला वळण तिथे मिळालं, माझ्या तक्त्यांनी नाही.

समोर असलेले पर्याय

बंदी आणखी कडक करणं हा काकांचा मूळ बेत. लाडवाच्या डब्यांना कुलूप, चव बघायला दोघींपैकी एक. हे महिनाभर चाललंही असतं. पण ज्या बाईच्या हाताच्या चवीवर घर चालतं तिला चव घेऊ नको म्हणणं म्हणजे गवंड्याला ओळंबा धरू नको म्हणण्यासारखं. शिवाय बंदीचे चार महिने आमच्यासमोरच होते.

दुसरा पर्याय पर्यायी गोडाचा: मध, खजूर, शुगर फ्री मिठाई. मध आणि खजूर ही साखरच, वेगळ्या वेशातली. खजुरात तंतू असतात हे मान्य, पण मोठ्या जातीच्या एका खजुरातच १५ ग्रॅमच्या वर साखर असू शकते. शुगर फ्री मिठाईत बऱ्याचदा माल्टिटॉलसारखे साखरेऐवजी गोडी आणणारे पदार्थ असतात. ते रक्तातली साखर कमी वाढवतात, पण वाढवतातच, आणि जास्त झाले तर पोट बिघडवतात. खवा आणि मैदा तर तिथेही असतोच. चहात स्टीव्हियाची, म्हणजे बिनसाखरेच्या गोडीची, गोळी टाकायला माझी ना नव्हती, काकूंचीच होती. "तोंड कडू होतं. त्यापेक्षा बिनसाखरेचा घेईन."

तिसरा, गोळ्या वाढवणं. तो का नको ते वर आलंच.

हाताला लावायचा सेन्सर, जो १४ दिवस सतत साखर मोजतो, त्याचाही विचार झाला. काकूंचं दुपारचं घसरणं त्यात लख्ख दिसलं असतं. खर्च काही हजारांचा, आणि काकूंना दिवसभर गरम पाण्यात, पिठात, वाफेत हात घालायचे असतात. मुलगा द्यायला तयार होता, काकू नको म्हणाल्या. मी फार आग्रह धरला नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

उरला तो पर्याय: गोडाला जेवणातच जागा द्यायची, माप ठरवायचं, आणि प्रत्येक गोडाची परीक्षा मीटरवर घ्यायची. पण त्याआधी दुपारचं घसरणं थांबायला हवं होतं. गोळी माझ्या अखत्यारीतली नाही. म्हणून पहिलं पाऊल जेवणाचं नव्हतंच. वहीची तीन पानं घेऊन काकूंना डॉक्टरांकडे परत पाठवलं. ६१ चा आकडा आणि गाळलेली जेवणं बघून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं, मेटफॉर्मिन ठेवलं आणि ग्लिप्टिन गटातली गोळी जोडली. या गटात साखर घसरण्याचा धोका बराच कमी असतो.

काय केलं

चहापासून सुरुवात केली, कारण तिथे सर्वांत कमी सुख आणि सर्वांत जास्त गूळ होता. पहाटेचा पहिला चहा काकूंनी राखून ठेवला, एक चमचा साखरेसह. "तो मोडू नका, तो माझा एकटीचा असतो." बाकीचे तीन आधी निम्म्या गुळाचे, मग बिनगुळाचे. पंधरा दिवसांत त्यातला एक आपोआप गळाला. गोड नसल्यावर त्याची आठवणच येईना, असं काकू म्हणाल्या. बिस्किटांच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे.

दुपारी एक वाजता बसून जेवायचं, ऑर्डर असली तरी. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा पिठलं, मग भाकरी. भाजी-डाळ आधी आणि पिष्टमय शेवटी असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची उसळी कमी होते, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे; पैसा लागत नाही, म्हणून मी तो सगळ्यांनाच सांगते. पूर्वी काकू जेवत तेव्हा ज्वारीच्या दोन भाकऱ्या घेत. आता एक. ज्या दिवशी गोड, त्या दिवशी अर्धी भाकरी आणि अर्धी पुरणपोळी. काकूंची भाकरी मोठी, ७०-७५ ग्रॅम पिठाची असते, त्यामुळे अर्ध्याला अर्धी हा सौदा कर्बोदकांच्या हिशेबात जवळपास बरोबरीत सुटतो. भाकरी तशीच ठेवून वर पोळी घेतली तर सुटत नाही. हे मी तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी काकूंनी मलाच सांगितलं.

पोळीवर तूप? एक चमचा, हो. तुपाने पोटातून पुढे जाण्याचा वेग मंदावतो. पण ती मंदावलेली साखर नंतर वर येते, नाहीशी होत नाही. इथे माझी एक चूक झाली, ती पुढे.

चव बघण्यासाठी मिठातला छोटा चमचा ठरवला. एका घाण्याला एकदाच, पुरण उतरवताना. मधल्या चवी हाताखालच्या दोघींपैकी मोठीकडे. हे काकूंना सर्वांत जड गेलं. जिभेचा प्रश्न नव्हता, विश्वासाचा होता. "तिला जायफळ कळत नाही," असं आठवडाभर ऐकलं.

जेवणानंतर शतपावली. शंभर पावलांनी भागत नाही, म्हणून अंगणात १५ मिनिटं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालण्याने जेवणानंतरची साखर जास्त खाली राहिली होती. ते वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, "आमच्या आजीला माहीत होतं." बरोबर आहे. पण आजीला शुगर नव्हती आणि ती वैरण आणायला मळ्यात जायची, हे काकूंनी जोडलं.

आणि साखर घसरलीच तर काय करायचं, हे लिहून फ्रिजवर लावलं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. लाडू खायचा नाही. लाडवातल्या तुपामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो, तोवर माणूस घाबरून चार लाडू संपवतो. जिथे खरोखर गोड हवं तिथे लाडू उपयोगाचा नाही, याचं काकूंना फार हसू आलं.

जोड्यांची वही

मीटरच्या स्ट्रिपा स्वस्त नाहीत, त्यामुळे रोज चार वेळा बोट टोचण्यात अर्थ नव्हता. आम्ही जोड्या मोजल्या: खाण्याच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, आठवड्यातून दोन जोड्या. एका जोडीत एकच गोड.

वहीतल्या काही नोंदी:

दुपारी चार वाजता, रिकाम्या पोटी, एक अख्खी पुरणपोळी दुधाबरोबर. आधी १२४, नंतर २५१. (ही मुद्दाम करून पाहिली, डॉक्टरांना विचारून.)

दुपारच्या जेवणाच्या शेवटी अर्धी पुरणपोळी, अर्धी भाकरी कमी करून, नंतर चालणं. १३१, नंतर १७२.

बिनगुळाचा चहा आणि सहा शुगर फ्री बिस्किटं. १२६, नंतर १८८. हा आकडा काकांना पटेना. पाकीट मागवलं, मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली: मैदा पहिल्या क्रमांकावर. साखर घातलेली नव्हती, हे खरंच होतं. त्यानंतर ते पाकीट घरात आलं नाही.

संक्रांतीला तिळाचा छोटा लाडू, १५ ग्रॅमचा, रात्रीच्या जेवणानंतर. १२९, नंतर १५१. त्यात गूळ जेमतेम सात-आठ ग्रॅम. बाकी तीळ, म्हणजे निम्मं तेलच.

संक्रांतीचं आणखी एक सांगायला हवं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची घरं रोजची तीन-चार. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणणाऱ्या बाईला "मला चालत नाही" असं सांगणं काकूंच्या तोंडून निघेना, आणि निघावं असं मलाही वाटलं नाही. त्यांनी ब्लाउजपीसच्या पिशवीत एक झाकणाची डबी ठेवली. तिळगूळ हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, डबीत टाकायचा. रात्री जेवणानंतर त्यातला एक निवडायचा. काकू म्हणतात, सगळ्या गावात कुणाचा तिळगूळ चांगला होतो हे त्यांना पहिल्यांदा त्या वर्षी नीट कळलं.

एक खोटा आकडा

जानेवारीतच एक रात्र अशी आली की सगळं मोडायची वेळ आली. जेवणाआधी काकूंनी मीटर लावलं, ३१८. पुन्हा लावलं, २९४. काकांनी पुण्याला फोन केला, मुलाने मला. तोवर काकूंनी ताट सरकवून ठेवलं होतं. नवी गोळी लागू पडत नाही, जुनी उरलेली घेऊ का, असं काका विचारत होते.

"काकू, आत्ता काय करत होता?"

"गूळ चिरत होते. उद्याच्या ऑर्डरचा."

साबण लावून कोमट पाण्याने हात धुवा, कोरडे करा, दुसऱ्या हाताचं बोट घ्या, म्हटलं. १३९.

बोटावर गुळाचा अंश राहिला की रक्ताच्या थेंबात तो मिसळतो आणि मीटर तेही प्रामाणिकपणे मोजतं. फळ कापल्यावरही असंच होतं. गोडाचा धंदा करणाऱ्या बाईला ही सूचना पहिल्या दिवशी द्यायला हवी होती. मी "हात धुवून घ्या" असं मोघम म्हटलं होतं. काकूंनी फडक्याला पुसून घेतले होते. त्या रात्री जुनी गोळी खरंच पोटात गेली असती आणि ताट तसंच राहिलं असतं, तर पहाटे काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या जुन्या गोळ्या काका मेडिकलवाल्याकडे देऊन आले.

होळी

फेब्रुवारीच्या अखेरीस एचबीएवनसी ७.६ आली आणि सगळे खूश झाले. मीसुद्धा, जरा जास्तच. मार्चमध्ये होळी होती आणि ऑर्डर २५० पोळ्यांची.

दोन दिवस घरात शिस्त नावाची गोष्ट उरली नाही. मोठी मदतनीस तापाने आजारी, त्यामुळे चवी पुन्हा काकूंकडे. जेवण उभ्याने, चारला, पोळीचे तुटके तुकडे आणि कटाची आमटी. वहीत त्या दोन दिवसांचे तीनच आकडे आहेत: २४३, २५६, २१०. तिसऱ्या दिवशी काकूंचा आवाज पहिल्या भेटीसारखाच बारीक झाला होता. "आज उपास करते, भरून निघेल."

इथे काय म्हणायचं हा माझ्यासाठी खरा निर्णयाचा क्षण होता. रागावणं सोपं होतं, "असू दे, सणच होता" म्हणणंही सोपं. मी फक्त उपास करू नका म्हटलं; नेहमीचं जेवण, नेहमीची वेळ, नेहमीचं चालणं. ग्लिमेपिराइड बंद असल्याने उपासाने साखर धोकादायक घसरण्याची भीती पूर्वीइतकी नव्हती. पण मोडायची होती ती भरपाईची सवयच. दोन दिवसांनी उपाशीपोटीची साखर १३४ होती.

मात्र पुढच्या मोठ्या ऑर्डरसाठी आम्ही काकूंशी नाही, काकांशी बोललो. एक वाजता भट्टी बंद करायची आणि ताट वाढायचं, हे काम त्यांचं. वीस वर्षं एसटीत वेळापत्रक पाळलेला माणूस. एक म्हणजे एक.

निष्पत्ती

जूनच्या तपासणीत एचबीएवनसी ७.१, उपाशीपोटी १२२, जेवणानंतर १७४. वजन ६८.५ किलो. गोळी बदलल्यानंतर थरथर, घाम असा प्रसंग एकदाही नाही. गोड आठवड्यातून चार-पाचदा, बसून, जेवणाच्या शेवटी.

आंब्याच्या दिवसांतली एक जोडी मला विशेष आवडते. वाटीभर आमरस आणि दोन पोळ्या: दोन तासांनी २२६. मध्यम हापूसच्या फोडी, पाच वाजता, मूठभर शेंगदाण्यांबरोबर: १६८. काकूंनी दुसरी नोंद लाल पेनाने गोल केली आहे. आमरस मात्र सोडलेला नाही; अर्धी वाटी, एका पोळीबरोबर, पाहुणे आले की.

हे यश गोडाच्या नियोजनाचं, असं म्हणायचा मोह होतो. पण गोळी बदलली, रोजचा ४० ग्रॅम गूळ गेला, चालणं आलं, दोन भाकऱ्यांची एक झाली. यातल्या कशाने किती उतरलं हे वेगळं काढता येत नाही. मला विचाराल तर सर्वांत मोठा वाटा चहाचा आणि वेळेवरच्या जेवणाचा असावा. पुरणपोळीने साखर उतरली नाही. ती ताटात राहिल्यामुळे बाकीचं सगळं टिकलं, एवढं म्हणते.

आता करायचं झालं तर

हिमोग्लोबिन पहिल्या भेटीत पाहिलं नाही, ही मोठी त्रुटी. ते जानेवारीत पाहिलं, ९.४ म्हणजे कमी होतं, आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त दिसू शकते आणि लोह भरून निघालं की ती आपोआप खाली येऊ शकते. म्हणजे सुरुवातीच्या ८.६ मध्ये काही फुगवटा असेल आणि ७.१ पर्यंतच्या उतारात लोहाचाही हात असेल. बोटावरच्या जोड्या हाताशी होत्या म्हणून सुधारणा खरी आहे हे कळलं, नाहीतर शंकाच राहिली असती.

दोन तासांची चूक. तूप-दुधाबरोबरच्या गोडाची साखर उशिरा चढते, हे माहीत असून मी सगळीकडे दोनच तास लावले. एप्रिलमध्ये एकदा काकूंनी अर्ध्या पुरणपोळीवर सढळ हाताने तूप घेतलं. दोन तासांनी १६५ आली म्हणून खूश झाल्या, आणि कंटाळा म्हणून तिसऱ्या तासाला पुन्हा बोट टोचलं, तर १९७. त्यानंतर तुपाच्या दिवशी तिसरा आकडाही घेऊ लागलो. सेन्सर लावला असता तर हे पंधरा दिवसांत कळलं असतं. निदान पहिल्या महिन्यापुरता मी आग्रह धरायला हवा होता, भट्टी नसलेल्या आठवड्यात का होईना.

आणि काकांना पहिल्याच दिवशी बाहेर पाठवलं ते योग्य होतं, पण परत आत बोलवायला मी दोन भेटी उशीर केला. वाटी तोलताना ते हजर होते हा योगायोग. डब्याला कुलूप लावायला निघालेला माणूस नंतर ताट वाढणारा झाला. त्याला आधीच विचारलं असतं तर कदाचित होळीही नीट पार पडली असती.

हे मोजमाप सगळ्यांना लागू नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांचा, गरोदर बाईचा, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांचा हिशेब वेगळा बसतो, आणि गोळी कुठलीही असो, ती स्वतःहून बंद किंवा कमी करायची नाही.

जुलैत, आषाढ लागल्यावर काकूंचा फोन आला. आषाढ तळायचा होता. "ताई, कापण्यांचं काय करायचं? तळलेल्या, गुळाच्या, कणकेच्या."

आधी तोलून बघा, मी म्हटलं, मग जेवणानंतर...

"तोलल्या. चार कापण्या, पंचवीस ग्रॅम. दुपारी जेवणाच्या शेवटी, अर्धी भाकरी कमी. हात धुवून मोजलं. दोन तासांनी १६३, तीन तासांनी १७०." मग जरा थांबून, "तुम्हाला पाठवू का थोड्या? यंदा खुसखुशीत झाल्यात."